सम्मेद चौगुलेचं लेबल

नाव

पोटॅशियम सायनाइड. पांढरे खडे, दिसायला खडीसाखरेसारखे. हुपरीतल्या मुलामेवाल्यांचं त्याच्यावाचून चालत नाही. त्याच्या पाण्यात चांदी विरघळून राहते, आणि वीज सोडली की हलकेच जाऊन तांब्याच्या पैंजणावर बसते.

विकणार : शमशाद शिकलगार, केमिकलचं दुकान, परवाना आहे.

घेणार : सम्मेद चौगुले, मुलाम्याचं काम, परवाना आहे.

लेबल :

ही जागा कोरी राहिली. पुढचं सगळं या कोऱ्या जागेमुळे झालं.

धोक्याची खूण

पूर्वी विषाच्या डब्यावर कवटी असायची. खाली दोन हाडं, लाल चौकोन आणि मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना. कवटी इतक्या ठिकाणी छापली गेली की ती कुणाला दिसेनाशी झाली. डोळ्याचा स्वभावच तसा आहे. रोज समोर येणारी गोष्ट तो हळूहळू पुसून टाकतो. लोक कवटीच्या डब्यात चमचा घालताना फोनवर लग्नाची बोलणी करत.

मग कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणीतरी साधा प्रश्न विचारला. माणसाचा हात नक्की कशानं थांबतो?

दुर्गंधीनं नाही. दुर्गंधीला माणूस नाक दाबतो आणि काम उरकतो. भीतीनंही नाही. भीतीचीही सवय होते. उत्तर नाकातच सापडलं, पण वेगळ्या बाजूनं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका नाक्यावर थांबतं, तिथून पुढे वाटलं जातं. वास मात्र त्या नाक्यावर थांबत नाही. तो जवळजवळ सरळ आठवणींच्या घरात शिरतो. म्हणून तर कुठूनसा वास येतो आणि आपण रस्त्यात उभ्या उभ्या सहा वर्षांचे होतो, का ते कळायच्या आत.

त्यावर यंत्र बांधलं गेलं. एक खुर्ची. बसणाऱ्याला ती मंद गुणगुणत अर्धवट झोपेत नेते, कारण त्या झोपेत आठवणींवरचं झाकण सैल असतं. उजव्या हातात एक गोल मूठ, ती फिरवत राहायची, झोपेतसुद्धा. नाकाखाली नळी. नळीतून वासांच्या झुळका येतात, शेकडो, एकीमागून एक. एका झुळकेला फिरणारा हात अडखळतो. यंत्र त्या झुळकेभोवती घुटमळतं, तिला बारीक करत नेतं, आणि शेवटी हात थांबतो. पूर्ण थांबतो. तो वास म्हणजे त्या माणसाचं लेबल. तो डब्याच्या बाहेरच्या झाकणात भरतात. बाहेरचं झाकण उघडलं की आधी वास येतो. आतलं झाकण काही श्वास गेल्यावरच सुटतं.

विष विकायचं तर खरेदीदाराचं लेबल हवंच, असा कायदा झाला. उंदराचं औषध असो की सायनाइड, आधी खुर्ची.

कायद्यानं कुठंही म्हटलं नव्हतं की वास माणसाचा असावा. पण प्रत्येकाला तो कुणाच्या तरी अंगाचाच आला. एका घाऊक व्यापाऱ्याला आठवडाभराच्या नातीच्या टाळूचा वास आला आणि तो गोदामातले उंदीर तसेच सोडून घरी गेला. एका सोनाराला थोरल्या भावाच्या शर्टाचा आला, ज्याच्याशी तो बोलत नव्हता. दुसऱ्यानं तेच झाकण हुंगलं तर त्याला नुसतं ओल्या भिंतीसारखं काहीतरी यायचं. ज्याचं त्यालाच.

लोक दुकानातून डोळे पुसत बाहेर पडत आणि म्हणत, केमिकलमुळं हो.

वापरण्याची पद्धत

"बसा की दादा. न्हाव्याकडं बसल्यासारखं बसायचं," शमशाद म्हणाली. "आन् मूठ फिरवत ऱ्हावा. जातं फिरवल्यागत."

"झोप लागली तर?"

"लागायलाच पायजे. घोरला तरी चालतंय. परवा एकजण गाणं म्हणत हुता."

सम्मेद खुर्चीत टेकला. त्याची बायको त्रिशला बाकावर बसली होती. तिला यायचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली होती, बाजारात काम आहे, तशीच येतो. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, येतो, जातो. हुपरीत जिचा जिचा नवरा खुर्चीत बसायचा त्या प्रत्येकीला त्या दिवशी बाजारात काम निघत होतं. त्रिशलानं निघताना केसांना नेहमीचं माक्याचं तेल लावलं होतं. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

खुर्ची गुणगुणू लागली.

सम्मेदला एक घर दिसलं. घर त्याचंच होतं, पण सगळ्या भिंती काचेच्या. एका खोलीत त्याची आई, पदर खोचून, जात्यापाशी. एका खोलीत त्रिशला हळदीच्या पातळात, अगदी पोरसवदा. एका खोलीत मुलगा सन्मती रांगत होता. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, काहीतरी म्हणत होते. तो एकेका काचेला कपाळ टेकत पुढे गेला. काच ना गार होती ना गरम. पलीकडे दिवा होता, पीठ उडत होतं, केस ओले होते. इकडे काहीच येत नव्हतं. तो चालत राहिला. घर संपत नव्हतं. आणि कुठंतरी दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्याला जोडलेला त्याचा हात एक मूठ फिरवत होता, फिरवत होता.

तो जागा झाला तेव्हा शमशाद यंत्राकडे बघत होती.

"परत एकदा बगूया," ती म्हणाली.

परत बघितलं. परत काचेचं घर.

"काय आलं?" त्रिशलानं विचारलं. आवाज तिनं अगदी सहज ठेवला होता.

"कोरं आलं वहिनी."

"कोरं म्हंजे?"

"म्हंजे..." शमशाद जन्मात शब्दाला अडली नव्हती, ती अडली. "हात थांबलाच न्हाई. कुणासाठीच."

खबरदारी

लेबल नाही तर माल नाही. सम्मेदच्या टाकीतलं सायनाइडचं पाणी पातळ होत चाललं होतं. पैंजणांवर चांदी बसत होती, पण मळकट, धुक्यासारखी. आणखी काही दिवसांत ती बसणारच नव्हती. मुलाम्याशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि शिकायचं वय गेलं होतं.

घरात मात्र टाकीचा विषय निघाला नाही.

"एवढ्या वर्षांत एकदा तरी अडखळायचं हुतं," त्रिशला म्हणाली. "खोटं खोटं."

"झोपेत हुतो गं."

"तेच म्हणतो मी. झोपेत."

"यंत्र हाय ते. यंत्राला काय कळतंय?"

"सगळ्या गावाचं कळलं. तुमचंच तेवढं कळंना."

 आपण दगड आहोत, असं त्याला याआधी कधी वाटलं नव्हतं. आता तो स्वतःला चाचपून बघू लागला. आई गेली तेव्हा रडलो होतो का? रडलो होतो. पण किती? सन्मती नोकरीला पुण्याला गेला तेव्हा एस.टी. वळेपर्यंत उभा होतो, की आधीच फिरलो? मंदिराच्या पायरीवर एक चुलत भाऊ हसत म्हणाला, "काय कोरा कागद, चाललाय कुठं?" आणि सम्मेदही हसला, कारण दगडानं काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

शुक्रवारी त्रिशलानं बॅग काढली. "मी जातो ताईकडं, सांगलीला."

"कवा येणार?"

"बघतो."

घटक

बॅगेत घालायच्या साड्या माळ्यावरच्या पेटीत होत्या. दुपारची ती बॅग घेऊन वर चढली आणि दारातच थबकली.

सम्मेद फरशीवर मांडी घालून बसला होता. पेटी उघडी होती. तिचा लग्नातला शालू त्यानं दोन्ही हातांनी तोंडावर धरला होता आणि तो खोल, मोठे श्वास घेत होता. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखे.

"काय करालाय?"

त्यानं शालू खाली केला. चेहरा लहान मुलासारखा पडला होता. "सराव," तो म्हणाला. "तुजा वास घ्यालोय. येत न्हाई. शमशादचं यंत्र बरोबर हाय त्रिशला. मला काईच हुईत न्हाई."

त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ते दुःखाचं नव्हतं. डोळे झोंबत होते. त्या पेटीत तिनं स्वतः मूठमूठभर डांबरगोळ्या टाकल्या होत्या. खोलीत उभं राहवत नव्हतं.

"माझा ऱ्हाऊ दे. डांबरगोळ्यांचा येतोय का?"

"डांबरगोळ्या हायत?"

ती तडक खाली गेली. वर आली तेव्हा तिच्या ओच्यात हिंगाची डबी, फिनेलची बाटली, कापूर आणि माक्याचं तेल होतं. "डोळे मिटा," ती म्हणाली. एकेक वस्तू ती त्याच्या नाकाखाली धरत गेली.

"हे?"

"पाणी?"

फिनेल होतं.

"हे?"

"काय धरलंयस तरी का?"

हिंग होता.

सायनाइडला कडू बदामासारखा वास असतो. काही माणसांना तो जन्मतःच येत नाही. शहाण्या गावात अशा माणसाला टाकीपासून लांब ठेवलं असतं. हुपरीच्या मुलामेवाल्यांनी उलट केलं होतं. पोराला टाकीपाशी उभं करायचे आणि विचारायचे, काय येतंय? काही नाही म्हणाला की वाहवा व्हायची. याला बाधत नाही, हा बसणार टाकीवर! सम्मेद असाच बसला होता. 'याला टाकीचा वास येत नाही' ही त्याच्या घरात कौतुकानं सांगायची गोष्ट होती. त्यानंतर आम्लाच्या वाफांनी उरलेलं नाक कधी खाल्लं, ते कुणी विचारलं नाही. गल्लीतले सगळेच म्हणत, हवा आता पहिल्यापेक्षा चांगली झालीय.

त्रिशला हसू लागली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

"अहो, तुम्ही दगड न्हाई. तुमचं नाक दगड हाय!"

पण सम्मेद हसला नाही. तो हिंगाच्या डबीकडे बघत होता.

"म्हंजे मी किती वरसं तुजी आमटी नुसती गरम म्हणून खाल्ली?"

ती हसायची थांबली. ताटात मिरचीचा खरडा वाढ, अजून वाढ, असं तो म्हणायचा आणि तिला वाटायचं, माझ्या हाताला चव राहिली नाही. मिरचीला नाक लागत नाही. तिखट जिभेला भाजतं, तेवढंच त्याला उरलं होतं.

बॅग माळ्यावरच राहिली.

उतारा

"पण वहिनी, अडचण तीच हाय," शमशाद म्हणाली. "नाक न्हाई तर लेबल न्हाई. लेबल न्हाई तर माल न्हाई. कायद्यानं सगळ्यांना नाक हाय असं धरलंय."

"मग ज्याला अक्षर येत नव्हतं त्याचं काय करायचे? पूर्वी?"

"त्याला दुकानदारानं लेबल वाचून दाखवायचं. माजे अब्बा दाखवायचे की. मोठ्यानं. विऽष, म्हणून." शमशाद बोलता बोलता थांबली. "ते कलम काढलेलं न्हाई अजून."

"मग वाचा."

"काय वाचू? कोरं हाय!"

"आवाजाचं लेबल निघतंय का बघा," त्रिशला म्हणाली.

शमशादनं जिल्ह्याच्या लेबल अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, हात थांबला पाहिजे. कशानं थांबला ते कायदा विचारत नाही."

सम्मेद पुन्हा खुर्चीत. मूठ फिरू लागली. नळी काढून शमशादनं त्याच्या कानाशी एक छोटा भोंगा लावला आणि माइक त्रिशलाच्या हातात दिला.

"काय म्हणू?"

"माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं ते मला म्हाईत. तुमच्याला तुम्ही."

"अहो," त्रिशला म्हणाली. मूठ फिरत राहिली.

"मी त्रिशला." फिरत राहिली.

तिनं णमोकार मंत्र म्हटला. मूठ संथ झाली, लयीत फिरू लागली, पण थांबली नाही. तिनं मनावर दगड ठेवून म्हटलं, "सन्मती पडला बगा शिडीवरनं." मूठ दचकली आणि उलट जोरात फिरू लागली. भीतीनं हात पळतो, थांबत नाही.

त्रिशलानं शमशादकडे बघितलं. शमशाद भिंतीकडे तोंड करून ॲसिडच्या बाटल्या पुसायला लागली. मग त्रिशलानं माइक ओठांशी नेला आणि जे लग्न झाल्यापासून कधी म्हटलं नव्हतं, कुणाकुणाला म्हणता येतं याचंच तिला नवल वाटायचं, ते म्हटलं. अगदी हळू. कान लाल झाले.

मूठ फिरत राहिली. आणि वर सम्मेद घोरूही लागला.

तिला राग आला. मग रडू आलं. मग दोन्ही नको वाटलं. तिनं बाहेर बघितलं. समोरच्या दुकानाच्या पायरीवरून ऊन वर सरकत होतं. पाटीवर आलं, पाटी सोडली. आणि तिचं तोंड सवयीनं आपोआप बोललं, रोज ज्या चढ्या, किंचित वैतागलेल्या आवाजात बोलतं त्याच आवाजात:

"ऊन चाललं वो. ताट वाढलंय."

मूठ थांबली.

बोटं पसरली, मूठ सुटली, हात खुर्चीच्या कडेवर निवांत पडला. जैनांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं. ती रोज संध्याकाळी कारखान्याच्या दारात येऊन हेच म्हणायची, आणि टाकीत काहीही असो, अर्धं पैंजण असो, बड्या शेठचा माल असो, तो हात बाहेर काढायचा. कधी एकदाही 'थांब गं' म्हणाला नव्हता. यातलं काहीच त्यानं डोक्यानं केलं नव्हतं. मेंदूत सवयीची एक वेगळी वाट असते, खोल, खालच्या अंगाची. तिच्यावरून रोज जाणारं पाऊल कुणाला विचारत नाही.

"परत म्हणा," शमशाद कुजबुजली.

"ऊन चाललं वो. ताट वाढलंय."

मिटल्या पापण्यांमागे सम्मेद काचेच्या घरात होता. एका भिंतीला दार होतं. ते आधी का दिसलं नव्हतं, कुणास ठाऊक. दारात उजेड तिरपा पडला होता.

"घ्या," शमशाद म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, "ॲसिडमुळं वो."

* * *

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सम्मेदनं हातमोजे चढवले, तोंडावर मास्क बांधला आणि नवा डबा टाकीशेजारी ठेवला. बाहेरचं झाकण फिरवलं. झाकणातून त्रिशलाचा आवाज आला, जरासा चिरका, पण तिचाच.

हात थांबला. काही श्वास गेले. आतलं झाकण टिक करून सुटलं.

त्यानं डबा तसाच बंद केला. हातमोजे काढले, दोनदा हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

त्रिशला तांदूळ निवडत होती. "काय झालं?"

"बोलावलंस की."

"अहो, डबा बोलला तो! दहा वाजलेत सकाळचे."

"हां," तो म्हणाला. पण उठला नाही.

"रोज असंच करणार? मग मुलामा कवा करणार?"

"करतो की. जेवून."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. ऊन आत्ता कुठं वर चढत होतं, सगळा दिवस पुढं पडला होता. ती उठली. फळीवरून त्याचं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. ताटात वाढायला घरात काहीच तयार नव्हतं. तिनं निवडलेले तांदूळ धुतले आणि चुलीवर ठेवले.

"वेळ लागंल," ती म्हणाली.

"लागू दे."

ती त्याच्यासमोर बसली. रिकाम्या ताटाच्या दोन बाजूंना दोघं. भात रटरटू लागला, वाफ घरभर झाली.

"वास सुटला?" त्यानं विचारलं.

"सुटला."

"कसा हाय? सांग."

त्रिशलानं डोळे मिटले आणि त्याला सांगायला सुरुवात केली.